अडखळण्याची जागा

नव्यानं वाचायला शिकलेल्या बायकांसाठी शिरूरच्या सुलक्षणाबाई एक सोपं पुस्तक लिहीत होत्या. छापायला देण्याआधी त्यांनी ते खुटबावच्या साक्षरता वर्गात वाचून घेतलं. वाचणारी जिथं अडखळेल तो शब्द अवघड, तो बदलायचा, एवढीच त्यांची कसोटी.

सखूबाईंनी ‘ग्रामपंचायत’सुद्धा एका दमात वाचलं. पण ‘हरिबा मळ्यातून घरी आला’ या ओळीशी आल्या आणि पदर तोंडाला लावून गप्पच बसल्या. सगळ्या बाया हसायला लागल्या.

“बाई, तिच्या मालकाचं नाव हाय त्ये,” झुंबरबाई म्हणाल्या. “नाव घेतलं तर धन्याचं आयुष्य कमी हुतं. ती न्हाई वाचायची.”

सुलक्षणाबाईंनी नाव खोडायला पेन उचललं.

“खोडू नका, बाई,” सखूबाई घाईनं म्हणाल्या. “तोंडानं न्हाई घ्यायची मी. पर नुसतं बोट तरी ठिवीन की त्याच्यावर.”

नाव तसंच राहिलं.

पुस्तक छापून यायला वर्ष गेलं. सुलक्षणाबाई वर्गात आल्या आणि पहिली प्रत त्यांनी कौतुकानं सखूबाईंच्याच हातात दिली. सखूबाईंनी बांगड्या नसलेल्या हातांनी सावकाश पानं उलटली आणि नेमकी तीच ओळ काढली. या वेळी एकही बाई हसली नाही.

 

सखूबाईंनी नावावर बोट ठेवलं आणि न अडखळता मोठ्यानं वाचलं, “हरिबा मळ्यातून घरी आला.”