वांझ वेली

"हाई वांझ शे. उपाडा."

द्रौपदाबाईनं काठीचं टोक वेलीला लावलं आणि पितांबरनं वाकून ती कंदासकट ओढून काढली. सकाळपासूनची ती तिसावी असेल. वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त होऊन गावी आलेला माणूस. कंबर धरून कण्हत होता, पण हौस दांडगी. डोंगरातली कटुर्लीची रानभाजी शिरपूरच्या बाजारात लोक भांडून घेतात, हे पाहून त्यानं सातपुड्यातून पोतंभर कंद आणवले आणि सगळी पुंजी ओतून अर्धं एकर मांडवावर चढवलं. आता वेली फुलल्या, तर काहींच्या फुलाखाली इवलंसं काटेरी फळ आणि काहींना नुसतंच फूल. फुकटचं खत खाणाऱ्या त्या वेली ओळखायला त्याला पंचक्रोशीत एकच बाई ठाऊक होती. एकतीस वर्षांपूर्वी त्यानंच घराबाहेर काढलेली.

तिला आणायला तो स्वतः मोटारसायकल घेऊन तिच्या भावाच्या गावी गेला. निर्लज्जपणाला दाद द्यावी. भाऊ तिच्यावर चिडला, पण तिनं काठी घेतली आणि मागे बसली.

नुसतं फूल येणारी वेल नर असते, हे तिला लहानपणीच रानभाज्या खुडताना आईनं शिकवलं होतं. नर वेली काढल्या की मादीची फळं वाढतच नाहीत, पिवळी पडून गळून जातात. हे सारं गिळून ती एकेका नराला काठी लावत होती, आणि तिला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

"एखादी ठेवू का?" पितांबर मध्येच थबकला.

"वांझ घरमा ठेवानी नही. तुमीच सांगेल शे."

विहाराच्या ओट्यावर, चार माणसांत त्यानं तसं सांगितलं होतं. त्याआधी डॉक्टरनं त्यालाही तपासायला बोलावलं, तेव्हा मर्दाची कसली तपासणी म्हणून हा उठून आला होता. आता तो कसनुसा हसला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण तोंडाला कुलूप कुठलं!

"मना नशीबमा बठ्ठं वांझच," चहा घेऊन बांधावर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहत तो म्हणाला.

ती लताबाई, दुसरी. घरात येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तिलाही पोर नाही. तिनं मान खाली घातली. एरवी द्रौपदाबाईला तिची कीव आली असती, आज फुरसत नव्हती.

ऊन चढेपर्यंत काम उरकलं. पितांबर पाटावर हातपाय धुवायला गेला, तशी लताबाई कप घेऊन जवळ आली. उपटलेल्या वेलींचा ढीग तिनं पायानं उलटवला, वाकून एक फूल पाहिलं, मग दुसरं पाहिलं.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "ह्या त नर येल शेत. मनी माय धा मादीमा एक नर ठेवे."

द्रौपदाबाईनं ढिगाकडे पाहिलं. कंद अजून ओले होते. आत्ता पुन्हा गाडले तर यातले बरेच जगले असते, आणि तेवढ्यावर त्याचं अर्धं एकर निभावलं असतं. या बाईनं एक हाक मारायचा अवकाश होता.

पितांबर धोतराला हात पुसत आला. "झायात का बठ्ठ्या?"

लताबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग कप द्रौपदाबाईच्या हातात दिला आणि शेताच्या टोकाला बोट दाखवलं.

"नही. तठे बांधजोडे एक ऱ्हायनी, दखा."