वरातीतला जॅझ

"लालासाहेबांना आता वरातीत न्यायाचं न्हाई," बाळासो म्हणाला. "आन ह्याच्यावर तुमी काय बी बोलू नगा."

बाळासोची बँड पार्टी उंब्रजची. त्याचं ऑफिस म्हणजे हायवेलगतचा एक गाळा. भिंतीला ढोल टांगलेले, कोपऱ्यात लाल कोटांचा ढीग. समोर जयराज बसला होता, गळ्यात हेडफोन अडकवून. तो कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि या बँडमध्ये तसा कुणीच नव्हता. तरीही तोंडचं पाणी पळालं होतं ते त्याच्याच.

"तासगावात काय झालं ते बघितलंसा न्हवं?" बाळासो म्हणाला. "नवरदेवाच्या मैतरांनी गाणं सांगितलं, आमी सुरू केलं, आन ह्येंचं क्लॅरिनेट गेलं भलतीकडंच! नाचणारी पोरं हुबी ऱ्हायली. नवरदेवाच्या मामानं माझी कॉलर धरली."

"आवं, त्यो जॅझ हुता."

"आसंल. त्याच्यावर नाचाय येत न्हाई."

जयराजला संताप आला. गाढवापुढं काय वाचायचं, असं त्याच्या मनात आलं. पण गाढवाच्याच हातात बँड होता.

लालासाहेब मिलिटरीच्या बँडमधून निवृत्त झालेले. साहेबलोकांच्या पार्ट्यांत त्यांनी जॅझ वाजवला होता. गाणं धरायचं, मग ते सोडून मनाला येईल तसं हिंडायचं, आणि शेवटी अलगद पुन्हा गाण्यावर यायचं. एका वरातीत त्यांनी हे केलं, जयराजनं ऐकलं आणि तो पार वेडा झाला. तेव्हापासून जिथं लालासाहेबांची वरात, तिथं जयराज. रेकॉर्डर उंच धरून तो बँडपुढं उलटा चालायचा. घरी येऊन फटाक्यांचे आवाज जमतील तेवढे पुसायचा आणि रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकायचा. स्वतःच्या वरातीत तुम्ही एवढं चालला नव्हता, असं त्याची बायको म्हणायची.

लोक ऐकत होते, कुठल्याकुठल्या देशांतले. अलीकडची रेकॉर्डिंगं तर त्यांना फारच आवडत होती. लालासाहेब आता गाण्यावर परत येतच नसत. निघाले की निघाले. मध्येच थांबायचे, एकच सूर पुन्हा पुन्हा लावून बघायचे. उतारवयात हा कलावंत मोकळा झाला, असं कुणीतरी परदेशातून लिहिलं होतं. ते वाचून जयराजचे डोळे भरून आले होते.

लालासाहेबांना मात्र स्वतःचं वाजवणं ऐकायचं नसे. वाजवलं ते वाऱ्यावर गेलं, म्हणत ते हात झटकायचे. पूर्वी ते जयराजला कॅप्टन म्हणत, हल्ली मेजर म्हणू लागले होते. बढती मिळाली म्हणून जयराज खूश होता.

दिवाळीच्या सुमारास त्यांच्या बायकोनं, चंद्राबाईंनी, त्याला अंगणात बाजूला घेतलं होतं.

"आवं, लोकं म्हणत्यात ह्ये चुकत्यात. तुमी शिकलेलं मानूस. खरं काय ते सांगा."

"चुकत न्हाईत, काकी. लय वरचं वाजवणं हाय त्ये. कुणाचं बी ऐकू नगा."

चंद्राबाईंचा चेहरा एकदम उजळला होता. तेव्हापासून कुणी काही बोललं की त्या हेच ऐकवायच्या.

आणि आता हा बाळासो निघाला होता त्यांचं वाजवणंच बंद करायला. लालासाहेब वरात नसेल त्या दिवशीही लाल कोट घालून ओसरीवर बसत. वाजवणं गेलं तर हा माणूस जगेल कसा?

"आसं करू," जयराज म्हणाला. "त्यांच्याच तोंडून ऐका. तासगावचं रेकॉर्डिंग लावतो. ते काय करत्यात, का करत्यात, तेच सांगतील. न्हाई पटलं तर मी परत तोंड उघडणार न्हाई."

बाळासोनं जरा विचार केला आणि गाडीची किल्ली उचलली. माणूस वाईट नव्हता.

लालासाहेब कोट घालून ओसरीवरच होते. चंद्राबाई चहा टाकायला आत गेल्या. जयराजनं खिशातला छोटा स्पीकर काढून लालासाहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"नगं रं," ते म्हणाले.

"आज माझ्यासाठी ऐका."

"मेजरचा हुकूम. ऐकाय पायजे."

ढोल वाजला. गाणं सुरू झालं आणि क्लॅरिनेट त्यावर चढलं. लालासाहेबांनी डोळे मिटले, गुडघ्यावर बोटं हलू लागली. जयराजनं बाळासोकडं विजयानं पाहिलं. क्लॅरिनेटनं गाणं सोडलं, एक सूर लावला, पुन्हा तोच लावला. लालासाहेबांची बोटं थांबली.

चंद्राबाई चहा घेऊन दारात आल्या आणि ऐकत तिथंच उभ्या राहिल्या.

"बंद कर," लालासाहेब म्हणाले.

"सांगा की, कसं हाय?"

"फुंक चांगली हाय. मिलिटरीत शिकलेला दिसतोय."

बाळासो हसला. जयराजलाही हसू आलं. म्हातारा थट्टेच्या रंगात आला होता.

"आन जॅझ?"

"जॅझ कुठला, मेजर? जॅझवाल्याला गाणं ठाव असतंय, म्हणून तर त्यो सोडतोय. ह्याला गाणंच सापडंना. धराय बघतोय, हातातनं निसटतंय. परत बघतोय, परत निसटतंय. लय भ्यालाय बिचारा."

ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाळासोनं मान खाली घातली. जयराजनं दाराकडं बघायचं टाळलं, पण चंद्राबाई आपल्याकडंच बघताहेत हे त्याला न बघताही कळत होतं.

लालासाहेबांनी स्पीकर हातात घेतला आणि अंगठ्यानं हळूच पुसला.

"कोण हाय रं ह्यो? घरात बायको आसंल की ह्येची. तिला कुणीच सांगितलं न्हाई व्हय?"