यंदा एकत्र?

ओपलचा पहिला नवरा दोघांनी एकत्र भरलेल्या कराची थकबाकी तिच्या माथी मारून पळाला होता. म्हणून हार्लनशी दुसरं लग्न करतानाच तिने बजावलं होतं, "संसार एक, पण कराचं रिटर्न वेगळं." तरी दर मार्चला, अमेरिकेतल्या ओमाहा शहरात कर सल्लागाराच्या ऑफिसच्या निसरड्या पायऱ्या चढताना तिचा कोपर धरून हार्लन हळूच विचारायचा, "यंदा एकत्र भरायचं का गं?"

"गप चल," ती म्हणायची. तो हसून गप चालायचा.

यंदा ती एकटीच आली. सल्लागार कर्टिसने विचारलं, "एकत्र की वेगळं?"

"वेगळं," ती सवयीने म्हणाली. मग ओशाळली. "आता तो आहे कुठे, म्हणा."

"हार्लनकाका ऑक्टोबरात गेले ना, मावशी? मग कायद्याने ते सबंध वर्ष तुम्ही नवरा-बायकोच. एकत्र भरता येईल. पण हे शेवटचंच."

तिने फॉर्म स्वतःकडे ओढला.

"आणि त्याची सही?"

"लागत नाही. तुमचा एकटीचा होकार पुरे."

ओपलने पेन उचललं. "इतकी वर्षं तेवढाच तर कमी होता," ती म्हणाली.