साठ फुटांवरची उडी

"आता बघ!" लिओनाने हॅटीच्या मनगटात नखं रुतवली. "आलीच उडी!"

पडद्यावर जहाज पेटलं होतं. डोलकाठीच्या टोकावर पाठमोरी एक बाई. कमरेला तलवार. दोर धरला.

झेप!

पासाडेनाचं सगळं थिएटर उभं राहिलं. शिट्ट्या. टोप्या हवेत.

"हळू गं, हात तोडशील माझा," हॅटी पुटपुटली.

खरी गोष्ट दोघींनाच ठाऊक होती. सहा वर्षं साहसपटांत चेहरा लिओना मार्सडेनचा आणि उड्या तिच्या डुप्लिकेटच्या, हॅटीच्या. या खेपेला हॅटीचा घोटा मुरगळला. कळलं असतं तर स्टुडिओने तिला घरीच बसवलं असतं. म्हणून लिओना गुपचूप वर चढली. साठ फूट. नायिकेने असला खेळ केला तर विमा रद्द आणि नोकरीही. सेटवर टाळ्या पडल्या त्या हॅटीच्या नावाने.

पण आज!

"माझा करार संपतोय, हॅटी. मालक म्हणालाय, प्रेक्षकांची कार्डं वाचून ठरवतो."

"ठरलंच समज. कानठळ्या बसल्या माझ्या!"

खेळ सुटला. लोकांनी मतं लिहून कार्डं पेटीत टाकली. मॅनेजरच्या खोलीत स्टुडिओचा मालक झेलनिक पेटी उपडी करून बसला. दोघी दारात.

'उडी! उडी! उडी!'

'उद्या पुन्हा येतो. उडीसाठी.'

'बाकीचं कापा, उडी ठेवा.'

"तीनशे कार्डं आणि एकच शब्द!" झेलनिक ओरडला. "पंचवीस वर्षांत असं पाहिलं नाही, पोरींनो! आत या, आत या!"

लिओना टेबलापाशी धावली. "म्हणजे... करार?"

"करार म्हणजे काय! सात वर्षांचा! पोस्टरवर नाव सगळ्यांत वर, हे असं मोठ्ठं!"

त्याने कागद टेबलावर आपटले, पेनाचं टोपण काढलं. लिओनाने हात पुढे केला.

"तू नव्हे गं," झेलनिक म्हणाला. "तुझा चेहरा एकालाही आठवला नाही. हॅटी, इथे सही कर."

हॅटीने लिओनाकडे न बघता पेन घेतलं.