राणीचं दुखणं

राणी पुन्हा तळाशी आडवी झाली होती. कल्ले हलत होते म्हणून जिवंत म्हणायची. एरवी काचेला बोट टेकवलं की शेपटीचा पदर झुलवत धावत येणारी ती नारिंगी गोल्डफिश आज अक्षताकडे बघतसुद्धा नव्हती. टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं होतं.

"वाचतली मा गो ती?" दिवाणावरून सासऱ्यांनी विचारलं.

"वाचेल हो, बाबा. औषध आणलंय."

शिवदासबाबांचा दिवाण आणि राणीची टाकी अगदी शेजारी शेजारी. सासूबाईंनी, जानकीबाईंनी, हौसेने राणी आणली, तेव्हा मासे खाणाऱ्या घरात मासा पाळलेला बघून अख्खी चाळ हसली होती. मग बाई गेल्या, राणी राहिली. मरोळच्या कारखान्यात आयुष्यभर लोखंड कापलेले बाबा गुडघ्यांनी एका जागी बसवल्यापासून तिच्याशीच बोलत. बायकोच्या चालीत मधूनच गुणगुणत,

"माझी गो राणीबाय, पाण्याच्या म्हायेरी,
भिती सगळ्या काचेच्यो, वाट नाय भायेरी."

मुलुंड स्टेशनजवळ शोभेचे मासे विकणाऱ्या केतनला अक्षताने फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन आला.

"अंगावर मिठासारखे दाणे दिसतायत?"

"नाही."

"शेपटी कुरतडल्यासारखी?"

"तीही नाही रे."

"मग पाण्याचीच वाट लागलीय, मॅडम. आजोबा खायला घालत असतील सारखं. खाण्याचा डबा लपवा आधी."

तिने डबा लपवला. निळं औषध घातलं, खडेमीठ घातलं, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून धुतला. सकाळी राणी जरा हालचाल करायची. दुपार कलली की पुन्हा तळाशी.

शनिवारी दुपारी हर्षद घरी होता. वन रूम किचनमध्ये नवराबायकोला बोलायला जागा कुठली? जे काय बोलायचं ते बाबा झोपल्यावर, त्यांच्याच उशाशी. अक्षता ओट्याशी लिंबाचं सरबत ढवळत होती. बाबांना जेवणानंतर ते लागायचंच. ती खूप वेळ ढवळायची, तळाशी कणसुद्धा राहू नये म्हणून.

"मला पण दे ना थोडं," हर्षद म्हणाला.

"ते बाबांचं आहे. तुला दुसरं करते." तिने ग्लास बाजूला घेतला.

मागे एकदा बाबा म्हणाले होते, "कडवट लागतां गो." लिंबाच्या सालीचं असेल, ती म्हणाली होती. त्यानंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही. ग्लास रोज रिकामा मिळे. पूर्वी तिचे ऑफिसचे कॉल चालू असताना हाका, खोकला, ती ओवी. साहेब सगळ्यांदेखत तिला बोलला होता. हल्ली दुपारी घर कसं शांत असायचं.

बाबांचे डोळे मिटल्यावर हर्षदने विषय काढला.

"बदलापूरच्या आश्रमातून फोन होता. खोली रिकामी झालीय."

"राणीला ठेवू देतील?"

"विचारतो. अगं, मेली तर मेली, दुसरी आणू. त्यांना काय कळतंय?"

"सगळं कळतं. शेपटीवरचा तो पांढरा ठिपका दिसला नाही तर जेवायचे नाहीत. ती सोबत असली तर मुकाट जातील. नाहीतर तू गाडीत बसवूनच दाखव त्यांना."

"आणि सांगायचं कधी?"

"निघायच्या सकाळी. शिवाजीकाकांकडे जेवायला जातोय म्हणू."

हर्षदने बापाकडे पाहिलं. छाती संथ लयीत वरखाली होत होती.

"लहान पोरासारखे झोपतात ना," तो म्हणाला आणि मोबाइल बघत बसला.

अक्षताने राणीला बादलीत हलवलं. बादली मोरीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती नुसती भिरभिरत होती! अक्षताने बादली दिवाणाशी आणून दाखवली, तशा बाबांनी टाळ्या पिटल्या. "बघलंस? माझ्या सुनेच्या हाताक गुण आसा!" अक्षताला उगाचच भरून आलं. तिने राणीला पुन्हा टाकीत सोडलं, आणि त्याच संध्याकाळी चहा टाकताना पाहिलं तर राणी कुशीवर कललेली.

म्हणजे रोग माशात नव्हता. टाकीत होता.

राणीला परत बादलीत ठेवून सोमवारी तिने सुट्टी टाकली. बाबांचं जेवण झालं, सरबत झालं, डोळे मिटले. तिने नळीने टाकी उपसली, तळाचे रंगीत खडे परातीत ओतले आणि चोळून धुवायला लागली. निळ्या-हिरव्या खड्यांतून काहीतरी पांढरट, टोकदार निघालं. अजून एक. मग ओंजळभर.

सापडला रोग, तिला वाटलं. गोगलगाईची अंडी असणार.

तिने एक नखाने दाबून पाहिलं. साल सुटली. आत हिरवट डाळिंबी.

लिंबाच्या बिया.

परातीतला हात परातीतच राहिला. राणीला काही झालंच नव्हतं. रोज दुपारी ती झोपत होती, अक्षताने बाबांच्या सरबतात चुरून घातलेल्या झोपेच्या अर्ध्या गोळीने.

अक्षताने मान वर केली. स्टुलावर रिकामा ग्लास, स्टुलाला लागून टाकी, टाकीला लागून दिवाण. मोरीत राणीने पाणी उडवल्याचा आवाज आला.

"हर्षदान इचारल्यान मा गो?" डोळे न उघडता बाबा म्हणाले. "राणीक ठेवूक देतले मा थंय, बदलापुराक?"