गाठ नाही

रजा देण्याआधी अर्जदाराचं दुखणं स्वतः सोसून बघायचं, असा नियम आल्यापासून सावेसाहेब संध्याकाळपर्यंत पार पिळून निघत. आज दोन कंबरा आणि एक दाढ सोसून झाली होती. शेवटी भांडारातल्या कुंदा राऊत आल्या.

"स्कॅनमध्ये गाठ नाही, साहेब. पण डोक्यात दाब वाढलाय. नजर जाऊ शकते म्हणतात."

सावेंनी दुखणं एकाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या जोडपट्ट्या लावल्या, एक राऊतबाईंच्या कपाळाला, एक स्वतःच्या. कवटी आतून कुणी फुगवतंय असं वाटलं. कानात नाडीच्या ठेक्यावर सूं सूं आवाज सुरू झाला. पडलेलं पेन उचलायला ते वाकले, तर क्षणभर सगळं करडं झालं.

"रोज असंच?"

"आज त्यातल्या त्यात बरं आहे."

त्यांनी रजा दिली. कानातला हाच आवाज घरी त्यांची बायको मृदुला कधीपासून सांगत होती, आणि 'गाठ नाही ना, मग झालं' म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता.

ते पट्ट्या घरी घेऊन गेले.

"लाव. मला बघू दे."

"उद्या बघा," मृदुला म्हणाली. "आवाजावरूनच कळतंय, दमलायत." आणि भिंत चाचपत ती चहा टाकायला गेली.