हरेशचं मशीन

नारळ उन्नतीने आणला होता, पण फोडायचा देवजीकाकाने, असं ठरलं. बायकांनी नारळ फोडायचा नाही, हा घणसोली गावातल्या गावदेवीच्या देवळाचा जुना नियम, आणि नियमाच्या बाबतीत देवजीशी वाद घालून काही उपयोग नसतो हे गावाला पाठ झालं होतं.

देवळामागची खोली पाडायला काढली होती. तिच्यात एकच वस्तू उरली होती, उन्नतीच्या वडिलांचं, म्हणजे देवजीच्या धाकट्या भावाचं, हरेशचं होडीचं मशीन. बांधाआतल्या तळ्यात पाच हॉर्सपॉवरच्या वरचं मशीन कुणी उतरवलं तर ते या खोलीत जमा व्हायचं. सोडवायचं तर देवीपुढे नारळ फोडायचा आणि फोडताना चुकणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. एवढीच काय ती शिक्षा. हरेशने ती घेतली नाही. आता हरेशच राहिला नव्हता, म्हणून त्याची मुलगी कळंबोलीहून आली होती.

तळ्याचा नियम देवजीनेच आणलेला. मोठ्या मशीनच्या लाटांनी बांधाची माती ढासळायची, लावलेली जाळी फाटायची, हे खरंच होतं. मर्यादा किती ठेवायची यावर पंचांचं घोडं अडलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, देवजीचं आहे तेवढी ठेवा. त्याचं पाचचं होतं. सगळे हसले. देवजी हसला नाही, त्याला ते अगदी योग्य वाटलं.

त्या मशीनवर त्याचा भारी जीव. टाकी खडखडते म्हणून त्याने बायकोच्या, पुतळाच्या, नव्याकोऱ्या निळ्या चपलेची टाच कापून टाकीखाली ठासली होती. पुतळा उरलेली एक चप्पल हातात घेऊन पंचांकडे तक्रार करायला गेली होती. पुढे एकदा ते मशीन धक्क्यावरून खडकावर आपटलं. झाकणाचे तुकडे झाले, इंजिन काही केल्या सुरू होईना. देवजीने ते भंगारात दिलं आणि वल्ही हातात घेतली. त्या दिवशी तो जेवला नाही.

आणि नंतर ती सकाळ. हरेश कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला होता, सुट्टीला तळ्यावर यायचा. त्या सकाळी त्याची होडी समोरच्या काठावरून सरळ देवजीच्या धक्क्याकडे आली. मागे नव्या काळ्या रंगाचं मशीन, झाकणावर ठळक आकडा, पंधरा. मशीन पाण्याबाहेर उचललेलं होतं आणि हरेश घामाघूम होऊन वल्ही मारत होता. पकडला जाईल म्हणून चालू करत नाही, हे देवजीने लगेच ताडलं. काठावर माणसं जमली होती. भाऊ म्हणून सोडलं, असं कुणी म्हणायला नको होतं.

हरेश हसत होता. ते हसणं देवजीला उर्मट वाटलं. त्याने मशीन उतरवायला सांगितलं आणि चारचौघांत भावाला तळ्याचा चोर म्हटलं.

“दादा, झाकन खोलून बघ ना एकदा.”

“वर पंधराचा आकरा लिवलाय. मना तेवरा पुरे हाय.”

हरेशचं हसणं मावळलं. त्याने मशीन उतरवून धक्क्यावर ठेवलं. बायकोपोरीला घेऊन त्याने गाव सोडलं आणि कळंबोलीत खोली केली.

देवजीला वाटलं होतं, आठ दिवसांत येईल. मग वाटलं, नारळीपौर्णिमेला येईल. एक नारळ तर फोडायचा होता. दरवर्षी तो देवळाच्या पायरीवर उशिरापर्यंत बसायचा आणि कुणी विचारलं तर वारा खातोय म्हणायचा. आपण जाऊन बोलवावं असं त्याच्या मनात यायचं, पण चूक त्याची आणि जायचं आपण, हे त्याला पटायचं नाही. या वर्षी हरेश छातीत कळ येऊन गेला. देवजी खांदा देऊन घरी आला.

“काका, नारळ फोडा,” उन्नती म्हणाली. “बाबांची चूक असेल तर मी माफी मागते. पण आधी झाकण उघडा. बाबा एवढंच बोलून गेले, दादाला एकदा उघडायला सांग. का ते नाय सांगितलं.”

देवजीने बसकण मारली. चाप गंजले होते, पक्कड घेऊन सोडवावे लागले. झाकण इंजिनावर नीट बसलेलंच नव्हतं, खालून तारेने आवळलं होतं. ते निघालं तेव्हा आत बरीच जागा रिकामी दिसली. एवढ्या मोठ्या झाकणाखाली इंजिन लहानसं होतं. पाचचंच असेल, फार तर. हे काय खूळ, असं तो पुटपुटला.

मागे उभी असलेली पुतळा खाली वाकली. तिने टाकीखाली बोट घातलं.

“आवो,” ती म्हणाली, “ही माझी चप्पल हाय.”

निळ्या रबराचा तुकडा जसा ठासला होता तसाच होता. बाजूची सगळी मोडतोड हरेशने दुरुस्त केली होती, तेवढ्या तुकड्याला हात लावला नव्हता. भंगारातून त्याने दादाचं मशीन शोधून काढलं होतं, मिळेल ते झाकण बसवलं होतं, रंग दिला होता. आणि मशीन चालू करायची दोरी पहिल्यांदा दादानेच ओढावी म्हणून सबंध तळं वल्ही मारत आला होता.

देवजीने तो तुकडा दोनदा दाबून पाहिला. मग तो रडला, सगळ्यांसमोर, आणि त्याची समजूत घालायची हिंमत कुणालाच झाली नाही.

बऱ्याच वेळाने गुरवाने नारळ त्याच्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, चुकणाऱ्याचं नाव घ्या.

उन्नतीने मान खाली घातली. देवजीने नारळ पायरीवर आपटला आणि काठापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात नाव घेतलं, “देवजी.”